निवारा आणि पाणी : एक सेवापाठ

॥ राम कृष्ण हरि ॥

आषाढवारीत माउलींची पालखी वाल्हे सोडून नीरेकाठी येते, पादुकांना नीरास्नान होते, आणि पूल ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यात, आमच्या खंडाळा तालुक्यात पाऊल ठेवतो. पुढे लोणंदचा मुक्काम. या वाटेवर दोन्ही बाजूंना माणसे घागर-तांब्या घेऊन उभी असतात. आपण टाळ काखेत धरून ओंजळ पुढे करतो, पाणी पितो, ‘माउली’ म्हणून पाया पडतो आणि दिंडी गाठायला धावतो. त्या बाईला आपणांपैकी किती जणांनी कधी विचारले असेल, की बाई, हे पाणी तू कोठून आणलेस ? आणि रात्री ज्या छपराखाली निजतेस, ते छप्पर कसे आहे ?

आम्हीही पुष्कळ वर्षे विचारले नव्हते. आमचे भजनी मंडळ तालुक्यातील एका लहान गावचे. दर एकादशीला भजन, वर्षाकाठी एक सप्ताह, आणि वारी. गावाच्या कडेला वस्तीवर एक म्हातारी राहते. तिचा मुलगा वारला; सून लोणंदला कांद्याच्या वखारीत मजुरीला जाते; तीन नातवंडे. अशी घरात पाच माणसे. सप्ताहात काल्याच्या दिवशी म्हातारी न चुकता येई, पंगतीची उष्टी काढी आणि घरी जाई. तिचे घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या घराची मागची भिंत फुगून बाहेर आली आहे, हे आम्हांस कळायला बारा वर्षे लागली.

तिचे घर आणि तिचे पाणी यांपायी आम्ही जे शिकलो, ते या पाठात मांडीत आहो. हा पाठ आमच्या शहाणपणाचा नव्हे, आमच्या चुकांचा आहे. दुसऱ्या मंडळींना त्या टाळता याव्यात, एवढाच हेतू.

१. हा परमार्थ आहे काय ?

आधी मुळाचा प्रश्न. विटा, पत्रे, नळ, तोटी हा सारा प्रपंच. भजनी मंडळाला त्याचे काय? आमच्यातही हा प्रश्न निघाला, आणि निघणे योग्यच होते. म्हणून संतचरित्रांकडे पाहू.

चोखोबांचा अंत कसा झाला, हे आपण सर्व जाणतो. मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम चालले होते. त्या कामावर इतर मजुरांबरोबर चोखोबा राबत होते. भिंत कोसळली आणि माणसे तिच्याखाली गाडली गेली. परंपरा हे साल शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ सांगते. पुढे नामदेवराय तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, आणि पंढरीस महाद्वारासमोर समाधी झाली. कीर्तनात हा प्रसंग आला की आपले डोळे भरून येतात. ते अस्थींतल्या नामामुळे. पण ती भिंत का पडली, कोणी कशी बांधली होती, आणि तिच्याखाली नेहमी गरीबच का सापडतो, याचा विचार आपण करीत नाही. चोखोबांच्या समाधीवर माथा टेकणाऱ्याने शेजाऱ्याची फुगलेली भिंत पाहू नये, हे बरे नव्हे.

नाथांची कथाही तशीच. रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतील गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. तेथे नाथांनी त्याची जात, पात्रता, पुण्याई विचारली नाही, तहान पाहिली.

नामदेवरायांचे तर घराशी जुने नाते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी एकात शेजारीण त्यांना विचारते, की तुझी झोपडी कोणाकडून बांधून घेतलीस ते सांग, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेवांचे उत्तर असे, की तो सुतार मजुरीवर येत नाही, प्रेमावर येतो. देव स्वतः सुतार होऊन भक्ताची झोपडी बांधतो, तर देवाच्या दासांना विटा उचलण्यात कमीपणा कसला ?

आणि अगदी अलीकडचे उदाहरण गाडगेबाबांचे. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. दिवसा हातात खराटा आणि रात्री मुखी कीर्तन, असा त्यांचा नेम. त्यांनी लोकांपुढे ठेवलेल्या दहा कर्तव्यांत तहानलेल्यास पाणी आणि बेघरास आसरा ही दोन्ही आहेत. स्वतः झाडाखाली निजणाऱ्या या पुरुषाने यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण आपल्यासाठी एक खोली ठेवली नाही.

तात्पर्य, निवारा आणि पाणी ही परमार्थाच्या अंगणातलीच कामे होत. राहिला प्रश्न ती कशी करावी याचा. आमची चूक तेथेच झाली.

२. भिंत

म्हातारीचे छप्पर गळते असे कळले तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने वर्गणी केली आणि पत्रे आणले. जुन्या दगडमातीच्या भिंतींवर वासे टाकले, पत्रे चढविले, जागोजाग दगड ठेवले, नारळ फोडला आणि हरिपाठ म्हणून घरी आलो. फार समाधान वाटले.

वैशाखात वळवाचा पाऊस आला. त्याआधीच्या वाऱ्याने दोन पत्रे उचलले. एक पत्रा शेजारच्या गोठ्यावर पडला. वासे हिसकले, तसे मागच्या भिंतीचे वरचे दगड आत आले आणि धाकटी नात निजते त्याच अंथरुणावर पडले. पोर त्या रात्री आईबरोबर मामाच्या गावी लग्नाला गेली होती, म्हणून निभावले. सकाळी आम्ही धावत गेलो. म्हातारी ओसरीवर बसली होती. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बुवा, पोर वाचली, इठ्ठलाची किरपा. पण पत्रं नसतं, तर दगडं बी हाललं नसतं.”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आम्ही दुबळ्या भिंतीच्या डोक्यावर वाऱ्याचे शीड बांधले होते.

मग तालुक्यातील एका जुन्या गवंड्यास बोलावले. त्याने जे समजाविले ते प्रत्येक मंडळाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडील दगडमातीची भिंत दिसते एक, पण असतात दोन. बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा, आणि मध्ये कपच्या व माती भरलेली. पाणी मुरले की मधली माती फुगते, दोन थर एकमेकांपासून सुटतात, आणि भिंतीला पोट येते. यावर उपाय म्हणजे बांधतानाच ठराविक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालणे, म्हणजे दोन थर एकमेकांना धरून राहतात. कोपऱ्यांत लांब दगड आलटून पालटून बसविणे. आणि दारे-खिडक्यांच्या वरून घराला चौफेर सळईचा काँक्रीटचा पट्टा फिरविणे. आम्हांला हे पटावे म्हणून गवंडी म्हणाला, “माळकरी आहात ना ? मणी किती बी चांगलं असू द्या, दोरा नसंल तर माळ न्हाई. हा पट्टा म्हंजी घराचा दोरा.”

या पट्ट्याची किंमत महाराष्ट्राने फार मोठी मोजली आहे. आमच्याच जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे ८ हजार माणसे गेली. दोन्ही वेळा काकड्याच्या सुमाराची वेळ, माणसे अंथरुणात. किल्लारीकडे माळवदाची घरे. छत गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेले, आणि ते सारे ओझे सुट्या दगडांच्या रुंद भिंतींवर. जमीन हलली तशा भिंती उसवल्या आणि छते खाली आली. माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे पाहता ती घराने मेली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली.

घराची जागा हाही याच विचाराचा भाग. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले. जुलै २०२१ मध्ये महाडजवळील तळिये आणि आमच्या जिल्ह्यात पाटणकडील आंबेघर, आणि जुलै २०२३ मध्ये रायगडातील इर्शाळवाडी या ठिकाणी दरडींनी माणसे गिळली. खंडाळा तालुका बहुतेक कमी पावसाचा. पण दक्षिणेला खंबाटकीचा डोंगर आहेच, आणि ओढ्याकाठच्या वस्त्याही आहेत. म्हणून घर बांधण्याआधी जागा पाहावी : वर सुटा उतार नको, ओढ्याच्या जुन्या पात्रात नको, पावसाचे पाणी पायाशी साचते तेथे नको. गरिबाला जागा मिळते ती नेमकी अशीच मिळते, हे दुःख आहे; पण तेथेच पक्के घर बांधून दिले तर ते दुःख पक्के होते.

३. नाव

आता शासनाची घरकुल योजना मिळवून द्यावी असे ठरले. ग्रामीण गरिबांच्या घरकुलांना केंद्राने १९८५-८६ पासून इंदिरा आवास योजनेच्या नावाने मदत दिली. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, निदान २५ चौरस मीटरचे घर, आणि काम पुढे सरकेल तसे हप्ते थेट बँकखात्यात. शौचालयासाठी १२ हजार वेगळे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी रमाई, जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, अशा योजनाही आहेत. आणि ज्याला जागाच नाही त्याला जागा विकत घेण्यासाठी साहाय्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे.

आम्हांस वाटले, अर्ज केला की झाले. पण ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा काढला तेव्हा घर म्हातारीच्या मृत सासऱ्यांच्या नावावर निघाले. नवऱ्याची वारसनोंद नाही, मुलाची नाही. सुनेचे तर नावच कोठे नाही. चुलतदिराच्या घराण्याचाही त्या जागेत हक्क. म्हणजे चाळीस वर्षे ज्या चुलीवर ती स्वयंपाक करीत होती, त्या चुलीखालची जमीन कागदावर तिची नव्हती.

खरे सांगायचे तर येथे आम्ही कंटाळलो. सेवेला निघालेली माणसे कागदाला फार लवकर कंटाळतात. माती वाहणे सोपे, कारण त्यात घाम दिसतो आणि लोक वाखाणतात. मृत्यूचा दाखला काढणे, वारसांच्या सह्या गोळा करणे, तालुक्याला तीनदा हेलपाटा घालणे, याला कोणी नारळ फोडत नाही. तथापि गरिबाच्या दृष्टीने घाम त्याच्यापाशी मुबलक आहे. कमी आहे तो कागद समजणारा शेजारी. आमच्यातील एक निवृत्त शिक्षक आणि पतपेढीत काम करणारा एक तरुण मृदंगवादक यांनी ही सेवा अंगावर घेतली. आठ महिने लागले. चुलतदिराकडे मंडळ तीन वेळा गेले. पहिल्या वेळी त्यांनी बसा म्हटले नाही. तिसऱ्या वेळी त्यांच्याच अंगणात भजन झाले, चहा झाला, आणि हलकेच विषय निघाला. म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मला जागा नको वो. पण मला कुणी इचारलंच न्हाई आजवर.” दुसऱ्या दिवशी त्यांनी संमतीपत्रावर सही केली.

जागेला सासू-सून दोघींची नावे लागली. सुनेचे नाव लावण्याबद्दल काहींनी कुरकुर केली, की उद्या ती दुसरीकडे गेली तर ? त्यावर आमच्या विणेकरीबुवांनी विचारले, “वखारीत कांदे निवडून पोरांना जगवते कोण ?” पुढे कोणी बोलले नाही.

४. न्हाणी

घराचा नकाशा आम्ही काढला. एक मोठी खोली, स्वयंपाकाची जागा, पुढे ओटा. ओटा जरा ऐसपैस ठेवला, कारण तेथे भजनाला बसता येईल असे आमच्या मनात होते. आराखडा घेऊन म्हातारीकडे गेलो. तिने कागद उलटसुलट पाहिला आणि सुनेकडे दिला. सून खाली मान घालून गप्प राहिली. शेवटी म्हातारीच म्हणाली, “समदं चांगलं हाय. पर न्हाणी कुठं हाय ?”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मग तिने सांगितले. घराला न्हाणी नसल्यामुळे सून आणि मोठी नात यांना पहाटे चारला, अंधारात, जुन्या लुगड्याच्या आडोशाने आंघोळ उरकावी लागे. थंडी असो, पाऊस असो, दुखणे असो. नात आता चौदा वर्षांची. शेजारच्या वाटेने माणसे जाऊ लागली की अर्ध्यावर उठावे लागे. काकड्याला आपण चारला उठतो ते आपल्या खुशीने. त्या दोघी चारला उठत त्या लाजेने.

पत्रे आणले, कागद केले, नकाशा काढला, आणि त्या अवधीत एकदाही आम्ही तिला “तुला आधी काय हवे ?” असे विचारले नव्हते. ओटा अर्धा केला आणि तेवढ्या पैशात न्हाणी झाली. चार भिंती, दार, आत कोबा, आणि सांडपाण्यासाठी बाहेर शोषखड्डा. आमच्या मते त्या घरातील सर्वांत पवित्र बांधकाम तेच होय.

बांधकामात कुटुंबाने स्वतःही हातभार लावला. म्हातारीने बांधावरची बाभूळ दिली, सुनेने सुटीच्या दिवशी वाळू चाळली, मोठ्या नातवाने विटांना पाणी मारले. आम्ही म्हणालो, राहू द्या. त्यांनी ऐकले नाही. ते योग्यच झाले. फुकट मिळालेल्या घरात माणूस पाहुण्यासारखा राहतो; हात लावलेल्या घरात मालकासारखा. आणखी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. अनुदान मिळाले की नातेवाईक म्हणतात, होतेच आहे तर दोन खोल्या वाढवा. त्या दोन खोल्यांसाठी कर्ज होते, भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबतात, आणि कुटुंब व्याज भरीत जुन्याच खोपटात राहते. लहान बांधावे, पण पुरे बांधावे.

५. पाणी

घर झाले. आता पाणी. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. खेड्यातील प्रत्येक घरी नळ आणि दर माणशी रोज ५५ लिटर पाणी असे तिचे माप ठरले. पाच माणसांना २७५ लिटर, म्हणजे बारा लिटरच्या घागरीने तेवीस घागरी. आमची म्हातारी विहिरीवरून रोज सात घागरी आणीत असे. उरलेल्या सोळा घागरी कोठे जात होत्या ? मुलांच्या न धुतलेल्या हातांत, आणि दोन दिवसांआड होणाऱ्या आंघोळीत. गरिबाला अस्वच्छ म्हणण्याआधी हा हिशेब मांडावा.

आमच्या वस्तीवरही नळ आला. आम्ही पुन्हा नारळ फोडला. आणि त्याच श्रावणात धाकट्या नातीला हगवण लागली. सलाईन लावावे लागले. विहिरीच्या पाण्याने जे झाले नव्हते ते नळाच्या पाण्याने झाले !

शोध घेता कारण सापडले. वस्ती पाइपाच्या शेवटच्या टोकाला. पाणी सुटे एक दिवसाआड, तासभर. पाणी बंद असते तेव्हा पाइप रिकामा होतो, आणि रिकामा पाइप आत ओढून घेतो. एके ठिकाणी पाइप गटारातून गेलेला, आणि तेथला सांधा पाझरत होता. पाणी असताना तो बाहेर गळे. पाणी नसताना गटार आत शिरे. टाकीत औषध टाकले होते, पण या टोकाला येईतो त्याचा अंश उरत नव्हता. तपासणीसाठी पाण्याची बाटली भरून ठेवली ती दुसऱ्या दिवशी काळी पडली. काळी बाटली म्हणजे पाण्यात विष्ठेचा अंश असल्याची खूण.

सांधा बदलला, पाइप गटाराबाहेर उचलून घेतला. त्यानंतर हे सारे आम्ही नेमात बसविले. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो. टाकीत टीसीएल पावडर टाकणे आणि ओटी तपासणी करणे हे त्याचे काम. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकताच पिवळसर रंग आला तर क्लोरीन पोचले. रंग आला नाही तर पाणी उघडे आहे असे समजावे. ही तपासणी टाकीजवळच्या नळावर करून भागत नाही. शेवटच्या घरी करावी लागते. पंगतीत जसे शेवटच्या पानापर्यंत वाढले की नाही हे पाहतात, तसेच हे. पाणी वर्षातून दोनदा पाहणीला येते आणि गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. तुमच्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे प्रत्येक माळकऱ्याला ठाऊक असावे.

घरातली काळजीही तितकीच मोलाची. भांडे झाकलेले असावे. पाणी दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. नळ सुटल्यावर पहिले पाणी झाडांना घालावे आणि मग पिण्याचे भरावे. पावसाळ्यात उकळून घ्यावे. औषधाचा वास येतो म्हणून पुष्कळ लोक ते पाणी टाळतात आणि विहिरीचे ‘गोड’ पाणी पितात. त्यांना सांगावे, की तो वास राखणदाराचा आहे.

ज्यांना अशा लहान नेमांचे मोल वाटत नाही, त्यांनी नारूचा रोग आठवावा. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी माणूस उतरे, त्याच्या पायातला जंतू पाण्यात जाई, आणि तेच पाणी गाव पिई. मग वर्षभराने अंगातून हातभर दोऱ्यासारखा किडा निघे. या रोगावर लसही नव्हती आणि औषधही नव्हते. पायऱ्या बंद करून विहिरी शेंदण्याच्या केल्या, हातपंप बसविले, आणि घरोघर पाणी फडक्याने गाळले. एवढ्याने तो हटला. १९९६ नंतर देशात रोगी आढळला नाही, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. एका फडक्याचा हा पराक्रम !

आणि पाणी देताना एक गोष्ट विसरू नये : पाणी ही भीक नव्हे. आमच्याच तालुक्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. त्या आणि जोतीराव यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली, ती तहान भागविण्यासाठी नव्हे, हक्क सांगण्यासाठी. आजही गावठाणात नळ धो धो वाहतो आणि वस्तीवर करंगळीएवढी धार येते, तेव्हा हा इतिहास संपला असे समजू नये.

६. शंका-समाधान

शंका : सरकारच्या योजना असता मंडळाने यात का पडावे ?

समाधान : योजना तालुक्यापर्यंत येते, तेथून झोपडीपर्यंतची वाट कोणीतरी चालावी लागते. पैसा देणे हे मंडळाचे काम नव्हे. सोबत चालणे हे वारकऱ्याचे कामच आहे.

शंका : देवळाचे काम मागे पडत नाही काय ?

समाधान : पडते. आमच्या सभामंडपाच्या फरशीसाठी जमविलेली रक्कम घराच्या पट्ट्याला आणि न्हाणीला लागली. यावरून मंडळात कडाक्याचे भांडण झाले आणि दोन माणसे वर्षभर भजनाला आली नाहीत. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. लोकांनी देवाच्या नावे दिलेला पैसा देवासच लागावा. म्हणून गावसभा घेऊन, देणाऱ्यांना विचारून मगच रक्कम वळविली. ज्या चौघांनी नकार दिला त्यांचे पैसे फरशीसाठीच ठेवले. दुसऱ्याच्या दानाचा उपयोग त्यास न विचारता करणे, मग तो कितीही चांगला असो, धर्म नव्हे.

शंका : एका घराने काय होणार ? गावात अशी दहा घरे आहेत.

समाधान : खरे आहे. पण एका घरापायी आम्हांस उतारा वाचता आला, गवंडी ओळखीचा झाला, जलसुरक्षकाशी बोलणे सुरू झाले. दुसऱ्या घराला आठ महिन्यांऐवजी तीन महिने लागले. पहिले घर त्या कुटुंबासाठी. आम्हांसाठी ती बाराखडी होती.

७. नेम

आता आमच्या मंडळाचा नेम असा आहे. दर महिन्याच्या वद्य एकादशीस भजनाआधी दोघांनी वस्तीवर जावे. भिंतींना पोट किंवा भेग आहे का पाहावे. पत्रे हुकांनी आवळलेले आहेत की नुसत्या दगडांवर विसंबले आहेत ते पाहावे. शेवटच्या नळाची तपासणी झाली का विचारावे. आणि निघताना घरच्या बाईला विचारावे, “तुम्हांला आधी काय हवे ?” उत्तर ऐकून यावे. लगेच आश्वासन देऊ नये. पण पुढच्या एकादशीला ते विसरून जाऊ नये.

आमच्या सभामंडपाची फरशी अद्याप जुनीच आहे. दोन शहाबादी फरश्या तडकल्या आहेत आणि बसताना त्या टाळाव्या लागतात. गेल्या काल्याला म्हातारी पंगतीची उष्टी काढायला उठली, तेव्हा विणेकरीबुवांनी तिला हाताला धरून पंगतीत बसविले. तिने वाढायला आलेल्या मुलाला थांबवून आधी पाण्याच्या पिंपाकडे बोट केले आणि विचारले, “आज औषध टाकलंय न्हवं ?” सगळी पंगत हसली. मुलगा मात्र पिंपाकडे जाऊन पाहून आला.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या गावात पाणी सर्वांत शेवटी कोणत्या घरी पोचते ? तेथे आपण कधी पाणी प्यालो आहो काय ?

२. चोखोबांच्या चरित्रातील भिंत आणि आपल्या गावातील कोणती भिंत यांत साम्य आहे ?

३. आपण आजवर केलेल्या मदतीपैकी कोणती मदत, घेणाऱ्यास आधी विचारून केली होती ?

४. ज्या घरी विधवा, म्हातारी माणसे किंवा एकट्या स्त्रिया राहतात, त्यांच्या नावे घराचा उतारा आहे काय ?

या प्रश्नांवर मंडळाने एका बैठकीत विचार करावा, आणि मग वस्तीवर जावे.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥